दिवेलागणीनंतरची चूल



या व्याख्यानमालेत विद्वान मंडळी आद्यकवी मुकुंदराजांवर बोलतात, दासोपंतांच्या पासोडीवर बोलतात, निजामी अंमलावर आणि मुक्तिसंग्रामावर बोलतात. आम्ही विद्वान नव्हे. शाळा आम्हांस सहाव्या इयत्तेपर्यंत लाभली, आणि तीही वर्षातून सहाच महिने. कारण दिवाळीनंतर आमचे बिऱ्हाड उसाच्या फडावर जात असे आणि पाटी-दप्तर घरच्या आढ्याला टांगलेले राही. पुढे जे वाचले ते तालुक्याच्या वाचनालयात, संघटनेच्या कचेरीत आणि एस.टी.च्या थांब्यावर बसून वाचले. म्हणून विषयही आमच्या ऐपतीचाच निवडला आहे. आज आम्ही शेंगोळ्यांचा इतिहास सांगणार आहोत.

हे कळल्यावर एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "अहो, हा विषय महिला मंडळाचा नव्हे काय?" त्यांचा प्रश्न आम्ही लिहून ठेवला आहे. त्याचे उत्तर व्याख्यानात कोठे ना कोठे येईलच.

दिवसभराचे काम आटोपून, अंधार पडल्यावर घरी आलेल्या माणसाने झटपट काय रांधावे, आणि ते पोटाला आधार व जिवाला ऊब देणारे कसे व्हावे, हा प्रश्न आज शहरातल्या नोकरदार घरांतही आहे. त्याचे एक उत्तर १९८३ साली मॅगीच्या पिवळ्या पुडीतून हिंदुस्थानात आले आणि दोन मिनिटांचा वायदा करून बसले. आमची त्या पुडीशी काही अदावत नाही. आमची नातवंडेही तीच मागतात. परंतु प्रश्न १९८३ चा नव्हे. तो फार जुना आहे, आणि बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात त्याचे उत्तर हुलग्याच्या पिठात फार पूर्वीच सापडलेले होते.

ज्यांनी शेंगोळे केवळ पाहुणचारात खाल्ले आहेत त्यांच्यासाठी कृती सांगतो. हुलग्याचे पीठ घ्यावे, त्यात चिकटपणासाठी मूठभर ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ मिसळावे. लसूण-जिरे ठेचून, तिखट, मीठ, हळद घालून घट्ट मळावे. हाताला तेलाचे बोट लावून पालथ्या परातीवर करंगळीएवढ्या वळ्या वळाव्यात आणि टोकाला टोक जुळवून त्यांची कडी करावी. पातेल्यात लसणाची सढळ फोडणी द्यावी, पाणी ओतावे, त्यातच चिमूटभर पीठ कालवून सोडावे, म्हणजे रस्सा दाट होतो. पाण्याला खळखळून उकळी फुटली की एकेक शेंगोळा सोडावा. येथे घाई करू नये. पाणी नुसते गरम असताना जो शेंगोळे सोडतो, त्याच्या पातेल्यात थोड्या वेळाने शेंगोळे नसतात, लापशी असते. पाव तास, वीस मिनिटे शिजले की ताटलीत रश्श्यासकट घ्यावे आणि वरून करडईच्या तेलाची धार सोडावी. दुभते असेल त्याने तूप घ्यावे. दुसरे काही लागत नाही. कोरड्यास वेगळे नको, भाकरी वेगळी नको.

या शेवटच्या वाक्यात सगळे मर्म आहे. पाच माणसांच्या घराला दहा-बारा भाकऱ्या लागतात. प्रत्येक भाकरीचे पीठ निराळे मळायचे, थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचे, उलटायची, आरावर शेकायची. एका भाकरीला चार मिनिटे धरली तरी बाई पाऊण तास चुलीपुढे खिळलेली असते, आणि त्या पाऊण तासात तिला उठता येत नाही. शेंगोळ्यांचे तसे नाही. वळायला दहा-पंधरा मिनिटे, मग पातेल्यावर झाकण. पातेले आपले काम करीत असता बाईचे हात मोकळे असतात. तेवढ्यात ती लेकराचे हातपाय धुते, घागर भरून आणते, शेळीला पाला टाकते. वरणात गव्हाच्या पोळीचे तुकडे सोडून केलेल्या चकोल्यांचे, म्हणजे वरणफळांचे, हेच गणित आहे. पिठल्याला तर भाकरी लागतेच. म्हणून पिठले झटपट होते हे म्हणणे अर्धेच खरे, असे आमचे मत आहे.

आता इतिहासाकडे वळू. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, चुली, धान्याच्या बळदा तेथे मिळाल्या. त्या लोकांचे मुख्य धान्य जव होते. जळून कोळसा झालेल्या दाण्यांत कुळीथ, म्हणजेच आपला हुलगा, सापडला आहे. दक्षिणेकडे कर्नाटकात याहूनही जुन्या वस्त्यांच्या राखेत तो मिळाला आहे. ज्या ज्वारीला आपण मराठवाड्याचे अन्न म्हणतो ती मुळात आफ्रिकेची. हुलगा मात्र याच भूमीचा. मुरमाड उतारावर, एकदोन पावसांवर, कोणी लक्ष न देता तो येतो. साहेबाच्या भाषेत त्याचे नावच घोड्याचा हरभरा असे पडले. बैलाला आणि घोड्याला हुलग्याची चंदी द्यायची आणि माणसाने तो खायचा तो अडचणीत, अशी जी समजूत वरच्या घरांत होती, ती या नावाने पक्की झाली. ज्याच्या दावणीला बैल नव्हता तो मात्र हुलगा स्वतःच खात होता.

शेंगोळे नेमके केव्हा सुरू झाले याचा शिलालेख कोणी कोरून ठेवलेला नाही. राजवाड्यातील स्वयंपाक मात्र लिहून ठेवलेला आहे. आपला हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या अंमलाखाली होता तेव्हा, इसवी सन ११३० च्या सुमारास, तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात अनेक कडधान्यांची पिठे एकत्र करून, हिंग-मीठ-हळद घालून केलेला विदलपाक आहे. याचा अर्थ, डाळीचे पीठ मसाल्यासह मळून शिजवण्याची विद्या नऊशे वर्षांपूर्वी येथे होती. मिरची अर्थात नव्हती. तिखटपणा मिऱ्याचा आणि पिंपळीचा. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आली. तेव्हा आजचा लालभडक शेंगोळा चारपाचशे वर्षांहून जुना असू शकत नाही; त्याच्या आतले पीठ मात्र तीन हजार वर्षांचे आहे.

याच ग्रंथात प्राण्याचे आतडे धुऊन, त्यात सारण भरून निखाऱ्यावर भाजण्याचा प्रकारही सांगितलेला आहे. गोव्याकडे ख्रिस्ती घरांत मसालेदार मांस भरून जी शोरिसे करतात त्यांच्याच जातीचा तो पदार्थ. राजाच्या पानात वाढला म्हणून तो संस्कृतात लिहिला गेला. पण आतडी, रक्त, चरबी यांपैकी काहीही वाया न घालवता अन्न करण्याची जी विद्या आपल्याच मराठवाड्यातील महार-मांगांच्या घरांत शेकडो वर्षे चालत आली, ती मराठीत पुस्तकरूपाने नीट लिहून निघायला २०१५ साल उजाडावे लागले. धाराशिव जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले, ते ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. पाकशास्त्र राजाने लिहिले तर तो विलास ठरतो आणि तेच रांधणाऱ्याने खाल्ले तर ती लाज ठरते, हा न्याय आम्हांस कधी समजला नाही.

अंमळ विषयांतर झाले. पुन्हा चुलीकडे येऊ, पण त्याआधी जात्यापाशी थांबले पाहिजे. पिठाची गिरणी गावात येण्यापूर्वी प्रत्येक घरची बाई पहाटे तीनला-चारला उठून दळीत असे. त्या ओव्यांचे साहित्यिक मोठे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ओवी सुचावी म्हणून कोणी दळीत नव्हते. ज्वारी दळणे जड, हुलगा त्याहून जड. म्हणून हुलगा आधी भाजून, भरडून, मग दळीत. आणि एकदा दळायला बसले की नुसते पीठ काय करायचे, म्हणून धान्ये व डाळी भाजून त्यात मसाला घालून येसर दळून ठेवीत. येसर ही आपल्या बीड-लातूर-धाराशिवकडची खास वस्तू. संध्याकाळी उकळत्या पाण्यात दोन चमचे येसर कालवला की आमटी तयार. दोन मिनिटांची पुडी ज्यांना विसाव्या शतकातील नवल वाटते, त्यांनी आजीच्या उतरंडीतले येसराचे गाडगे आठवावे. झटपट अन्न ही आळशी माणसाची युक्ती नव्हे. जिला संध्याकाळी वेळ मिळणार नाही हे पक्के ठाऊक आहे, तिने पहाटेच काढून ठेवलेला तो वेळ आहे.

मग इंजिनाची गिरणी आली. तिच्या धुराड्याचा फटफट आवाज ऐकून बायकांना हायसे वाटले असेल यात शंका नाही. दीड-दोन तासांचे जाते सुटले. ते दोन तास कोठे गेले? विश्रांतीला गेले असे आम्हांस कोणी म्हातारी सांगत नाही. आमच्या आईला आम्ही एकदा विचारले. ती म्हणाली, "गिरणी आली तवापासून रानात लवकर जावं लागाय लागलं." एका बाईच्या शब्दावर इतिहास रचू नये हे आम्ही जाणतो, पण त्यानंतर पन्नासेक म्हाताऱ्यांना आम्ही हेच विचारले आहे आणि उत्तर फारसे निराळे आलेले नाही. चुलीवर किंवा जात्यावर जो वेळ वाचतो तो बाईच्या पदरात पडत नाही, कामाचा धनी तो उचलून नेतो, हे आमचे या विषयातले मुख्य म्हणणे आहे.

आमचा जन्म दुष्काळाच्या साली झाला, म्हणजे १९७२ साली. या जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर १९०१ ची खानेसुमारी झाली तेव्हा येथली वस्ती आधीच्या दहा वर्षांपेक्षा घटलेली आढळली. परंतु १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीच्या अंगात आहे. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडीत आणि माती वाहत होती. सरकारने अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी वाटली. तिच्या पिठाला चिकटपणा नव्हता. भाकरी थापायला घेतली की चिरत असे, तव्यावर टाकताना तुटत असे. आमची आई सांगे की, पहिले आठ दिवस बायकांनी भाकरी मोडली म्हणून सासूचे बोल खाल्ले, नवव्या दिवशी सासवांनी स्वतः थापून पाहिली. मग त्या पिठाचा घाटा होऊ लागला, आणि कोणाकडे मूठभर हुलगा उरला होता त्याने त्याचे पीठ मिसळून वळ्या करून पाहिल्या. मुलांना कामावर सुकडी मिळे. हुलगा स्वतः चिकट नसला तरी पिठात पीठ मिसळून, उकळत्या पाण्याचा आधार देऊन, जे थापता येत नाही ते वळता येते हे त्या वर्षी पुष्कळांना नव्याने कळले.

त्या दुष्काळातून रोजगार हमीचा कायदा निघाला. १९७७ साली तो मंजूर झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम देण्याचे बंधन सरकारने कायद्याने स्वीकारले, ही मोठी गोष्ट होती. पण त्याच दुष्काळातून दुसरी एक वाटही रुंद झाली, ती पश्चिम महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांकडे जाणारी. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास गाळपाला लागला आणि त्याच्या मागोमाग नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर येथे धुराडी उभी राहिली. ऊस तोडायला माणसे हवी होती. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केज, वडवणीकडे माणसेच होती, पाणी नव्हते. दसऱ्याला मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार भरायचा, आणि फेडीपुरता ऊस तोडून चैत्र-वैशाखात परतायचे, असे या जिल्ह्याचे पंचांग झाले.

फडावर नवराबायको दोघांना मिळून एक कोयता म्हणतात. एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याचा, मजुरी टनावर. दोघे मिळून दिवसाला दोन टनांच्या आसपास तोड करतात. नवरा बुंध्याशी कोयता चालवतो, बायको पाचट सोलते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. हिशेबाच्या वहीत बाईचे नाव नसते, पण तिच्यावाचून कोयता पुरा होत नाही. हे आजवर अनेकांनी सांगितले आहे, आम्हीही सभांतून घसा कोरडा होईपर्यंत सांगितले आहे. जे सांगितले नाही ते असे की, कोयत्याचा दिवस मावळतो तेव्हा बाईचा मावळत नाही.

कोपी म्हणजे बांबूच्या ताटीची किंवा ताडपत्रीची, वाकून आत शिरायची खोप. दाराशी तीन दगडांची चूल. जळण म्हणून पाचट फुकट मिळते, पण पाचटाचा जाळ भडकतो आणि विझतो. त्यावर भाकरी वरून करपते, आत कच्ची राहते. भाकरीला आर हवा, त्याला तुराट्या किंवा लाकूड हवे, आणि परमुलखात रात्री लाकूड कोठून आणावे? पातेल्यातले पाणी मात्र पाचटाच्या भडक्यावरही उकळते. तोडणीच्या तळावर शेंगोळे आणि चकोल्या का टिकल्या याचे कारण रुचीत नसून जळणात आहे. आमच्या लहानपणी आठवड्यातून दोनतीनदा तरी रात्री शेंगोळेच असत. आई वळ्या वळायची, आम्ही भावंडे एकेक मूठ पाचट सारीत बसायचो. कोपीच्या फटींतून वारा यायचा, आणि पातेल्याचे झाकण काढले की लसणाच्या वाफेने तोंड, डोळे, कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. त्यानंतर आम्ही पुष्कळ ठिकाणी जेवलो, मंत्र्यांच्या बंगल्यावरही एकदा जेवलो. पण तसे गरम अन्न पुन्हा मिळाले नाही.

हुलग्याच्या वळ्या हे काही जगावेगळे नव्हे. इटलीचे लोक गव्हाच्या पिठाच्या नाना आकारांच्या वळ्या उकळून खातात आणि त्यावर किसलेले चीज, भरल्या आतड्यांचे तुकडे घालतात, हे आता आपल्याकडेही हॉटेलांतून दिसते. ११५४ साली इद्रीसी नावाच्या अरब भूगोलकाराने सिसिली बेटावरच्या एका गावी असा सुकवलेला पदार्थ भरपूर बनतो आणि जहाजांनी दूरदूर जातो, असे लिहून ठेवले आहे. तरी पुढे काही शतके तो चैनीचाच होता. नेपल्स शहरात सतराव्या शतकात गर्दी वाढली, मांस-भाजी महागली, आणि वळ्या पाडण्याचे यंत्र आले, तेव्हा कोठे तो हमालाचे आणि कोळ्याचे अन्न झाला. रस्त्यावर कढईतून गरम वळ्या काढून, चीज भुरभुरून, हातानेच खात. म्हणजे तेथेही पदार्थाला गरिबाच्या घरी आणले ते खिशाने आणि घड्याळाने.

इटलीचे नाव काढण्याचे आम्हांस दुसरेही कारण आहे. तेथल्या पो नदीच्या खोऱ्यात भातशेते आहेत. भाताच्या खुरपणीला दर उन्हाळ्यात परगावच्या हजारो बायका येत. गुडघाभर पाण्यात ओणव्याने काम करीत, गोठ्यासारख्या खोपटांत निजत. त्यांना तिकडे मोंडिने म्हणतात. आपल्या ऊसतोडीच्या बायकांच्या त्या सख्ख्या बहिणी. १९०६ साली वेर्चेली येथे त्यांनी संप केला आणि आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. शेतमजूर बायकांनी! आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभारली आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळवली, हे आम्ही प्रत्येक सभेत अभिमानाने सांगतो. त्या रविवारी गिरणीकामगार विसावला. त्याच्या घरची चूल रविवारी बंद होती काय, हे आम्ही कोणत्याही चरित्रात वाचलेले नाही. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका वर्षानुवर्षे शेकडो कामगारांना जेवू घालीत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा त्यांच्या रांधण्याला धंदा म्हणून कर्ज मिळू लागले. प्रेमाताई स्वतः कामगार चळवळीतल्या. भाकरी विकली तेव्हा ती मोजली गेली. घरच्या माणसाला वाढलेली भाकरी कोण मोजणार?

आता आमच्याच चुकीची गोष्ट सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या तळावर आम्ही रात्री आठला सभा बोलावली. मजुरीवाढीच्या मागण्या समजावून सांगायच्या होत्या. पुरुष सत्तर-ऐंशी आले, बाई एकही नाही. आम्ही भाषणातच म्हणालो की, आपल्या भगिनींना संघटनेचे महत्त्व कळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. सभा संपल्यावर एका कोपीशी जेवायला बसलो. साठीकडे झुकलेली बाई होती, हाताला पाचटाच्या कापांच्या रेघा. शेंगोळे वळता वळता ती म्हणाली, "भाऊ, तुमी सभा घेता ती येळ आमची ह्याची." आणि तिने पिठाचा हात वर केला. मग म्हणाली, "तुमच्या कागदावर टनाचं हाय, गाडीचं हाय, मुकादमाचं हाय. ह्याचं कुठं हाय?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही गावी परतलो नाही. खिशात घड्याळ आणि वही होती, म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या कोपीपाशी बसून नोंद केली. पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी चूल पेटली. दोन वेळच्या भाकऱ्या, कालवण. ५ ला फडाकडे. संध्याकाळी ६ वाजून ५० ला परत. पाण्याच्या टाकीवर रांग, दोन घागरी, ३५ मिनिटे. पाचट, चूल, १० मिनिटे. मळणे व वळणे, १५ मिनिटे. शिजवणे २० मिनिटे. त्या वेळात तिने सुनेचे लेकरू न्हाऊ घातले आणि दोन कपडे धुतले. जेवण, भांडी, दुसऱ्या दिवशीचे पीठ चाळणे. ९ वाजून ४० ला ती टेकली. साडेदहाला ट्रक भरायला हाक आली, तेव्हा उठली. चुलीशी, पाण्याशी आणि भांड्यांशी मिळून चार-साडेचार तास वेळ भरला. रात्री तिने शेंगोळ्यांऐवजी भाकऱ्या केल्या असत्या तर पाऊण तास आणखी, म्हणजे टेकलीच नसती.

ती वही घेऊन आम्ही आमच्या सहकाऱ्यांकडे गेलो. तळावर पाण्याचा नळ कोपीपासून हाकेच्या अंतरावर असावा, जळण कारखान्याने पुरवावे, आणि दिवे लागल्यानंतर दोन तास ट्रक भरायला कोणाला हाक मारू नये, अशी तीन कलमे आम्ही मागण्यांत घालायची म्हणालो. सहकारी चांगले माणसे, तुरुंगात गेलेले, पण हसले. एकजण म्हणाला, "पुढच्या वेळी हुलग्याचा भाव पण घाला." टनाचा भाव आधी पदरात पडू द्या, बाकीचे मागाहून पाहू, असे ठरले. २०२४ च्या जानेवारीत मजुरीत ३४ टक्के वाढीचा करार झाला, त्याचा आनंद आम्हांसही आहे. ती तीन कलमे मात्र आमच्या वहीतच राहिली. मघाच्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही स्वतः त्या बैठकीत दिले होते असे म्हणावयास हरकत नाही. कारण हसणाऱ्यांपुढे आम्ही गप्प बसलो, आणि आमचे गप्प बसणे इतिवृत्तात संमती म्हणून नोंदले गेले.

पुढच्या हंगामात त्याच तळावर पुन्हा सभा होती. या वेळी आम्ही माइक आणि खुर्च्या आणल्या नाहीत. चार पुरुषांना हाताशी धरले आणि त्या बाईच्या चुलीपुढे परात घेऊन बसलो. लसूण आम्ही सोलला. पीठ सैल झाले, वळ्या बोटाबोटाला चिकटू लागल्या, आणि आमच्यापैकी एकाने पाण्याला पुरती उकळी फुटायच्या आधीच सगळे शेंगोळे पातेल्यात लोटले. ते फुटले. बाईने पळीने ढवळून पाहिले, वरून मीठ घातले, आणि हे माडगे म्हणून प्या, असे सांगून सर्वांना वाट्यांत वाढले. सभा साडेनऊला सुरू झाली. एकोणीस बायका आल्या होत्या, आणि पहिला अर्धा तास पाण्याच्या नळावर त्याच बोलल्या.